जलपात्रातील शेवाळी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

मृगाच्या सरी सुरू झाल्या की वेल्ह्याच्या परिसरातील ताली, घरांचे चौथरे व कौले हिरवीगार होतात. मुले या मखमलीस 'शेवाळ' म्हणतात. आणि विहिरीतील बुळबुळीत हिरव्या थरासही तेच नाव देतात. वस्तुतः या दोन भिन्न वनस्पती आहेत. विहिरीतील थर शैवलाचा असतो. त्यास खोड व पाने नसतात. तालीवरील मखमल शेवाळीची, म्हणजे मॉसची, असते. तिला बारीक पाने असतात. हा भेद केवळ सांगितल्याने ध्यानात राहत नाही. काचेच्या पात्रात शेवाळी वाढवू लागल्यास तो मुलांच्या आपोआप लक्षात येतो. कारण तेथे शेवाळी जगविणे म्हणजे मुख्यत्वे शैवलास आवर घालणे होय.

वनस्पतीचा परिचय

शेवाळीस खरी मुळे नसतात. त्यांच्या जागी केसांसारखे तंतू असतात व ते दगडास धरून राहण्याच्या उपयोगी पडतात. पाणी व क्षार ती मुख्यतः पानांवाटेच शोषते. तिला फुले व बिया येत नाहीत. बीजुकांपासून तिचा प्रसार होतो, आणि तुटलेल्या तुकड्यापासूनही नवी वाढ होते. भारतात या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया प्रा. शिव राम कश्यप (१८८२–१९३४) यांनी घातला.

निवड

तालीवरील शेवाळी उपटून पाण्यात बुडविल्यास ती बहुधा तपकिरी पडून कुजते. यासाठी ओढ्यातील सदैव पाण्याखाली राहणाऱ्या दगडावरील चिमूटभर शेवाळी घ्यावी व बाकीची तशीच राहू द्यावी. अथवा शोभिवंत माशांच्या दुकानात मिळणारी 'जावा मॉस' आणावी. ही आग्नेय आशियातील जात कमी प्रकाशातही तग धरते.

मांडणी

सुमारे १० लिटर पाणी मावेल अशी काचपेटी किंवा रुंद तोंडाची बरणी घ्यावी. तळाशी स्वच्छ धुतलेली वाळू पसरावी. खडबडीत दगडावर शेवाळीचे बारीक तुकडे पातळ थरात पसरून सुती दोऱ्याने बांधावे. जाड गोळा बांधल्यास आतील भाग प्रकाशाअभावी कुजतो. दोरा विरेपर्यंत तंतू बहुधा दगडास धरतात. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. आठवड्यानंतर दोन-तीन नर गप्पी मासे सोडावे; ते डासांच्या अळ्या खातात. माद्या सोडल्यास माशांची संख्या लवकरच आवाक्याबाहेर जाते.

निगा

१. पात्र उजेडात, परंतु थेट उन्हापासून दूर ठेवावे. भर उन्हात हिरवे शैवल माजते व शेवाळीस झाकून टाकते.

२. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे पाणी घालावे. सर्व पाणी एकदम बदलू नये.

३. माशांना चिमूटभरच खाद्य द्यावे. उरलेले अन्न कुजून शैवलाचे पोषण करते.

४. पानांवर गाळ बसल्यास दगड पाण्यातच हलकेच हलवावा. वाढ दाट झाल्यास वरचे शेंडे कात्रीने छाटावे.

५. शेवाळी सावकाश वाढते. महिनाभर बदल न दिसल्यास ती उपटून पाहू नये. उन्हाळ्यात पात्र वर्गातील सर्वांत थंड जागी ठेवावे.

प्रयोग

दोन सारख्या बरण्यांत सारखीच शेवाळी व सारखेच पाणी घ्यावे. यांत मासे सोडू नयेत. एक बरणी उन्हाच्या खिडकीत व दुसरी सावलीच्या उजेडात ठेवावी. दोहोंची तोंडे पातळ कापडाने बांधावी, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. मुलांनी ३ आठवडे दर सोमवारी रंग, पाण्याचा गढूळपणा व काचेवरील थर यांची नोंद करावी. शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नये. अपेक्षेहून निराळे घडल्यास कारण मुलांनाच शोधू द्यावे. पाठाचे खरे मोल तेथेच आहे.

दक्षता

मे महिन्याच्या सुट्टीत पात्राची जबाबदारी कोणाकडे, हे आधीच ठरवावे. मासे नसलेले, उघडे व दुर्लक्षित पात्र डासांचे घर बनते आणि गावच्या आरोग्यास अपाय करते. जबाबदारी घेणारे कोणी नसल्यास मासे गावातच एखाद्याच्या सांभाळलेल्या हौदात द्यावे, शेवाळी उन्हात पूर्ण वाळवून टाकावी व पात्र कोरडे करून ठेवावे. दुकानातून आणलेली शेवाळी किंवा गप्पी मासे कानंदी, गुंजवणी वा कोणत्याही ओढ्यात सोडू नयेत. परक्या जाती तेथील मूळच्या जिवांची जागा बळकावण्याचा संभव असतो.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

१. शैवल व शेवाळी यांत कोणता भेद दिसला?

२. उन्हातील बरणीत काय घडले? का?

३. शेवाळीस मुळे नसताना ती पाणी कशी घेते?

४. उन्हाळ्यात तालीवरील वाळलेल्या शेवाळीवर पाणी शिंपडून थोडा वेळ पाहा. ती खरोखर मेली होती काय?