बारामती ते सणसर : तुकोबांच्या पालखीबरोबर एक दिवस

देहू ते पंढरपूर अख्खी वारी चालायची तर अडीच-तीन आठवडे मोकळे हवेत. तेवढी सवड सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना एकच दिवस काढता येतो त्यांना मी बारामती ते सणसर हा टप्पा सुचवते. अंतर १५ ते २० किलोमीटर, वाटेत घाट नाही, रस्ता रुंद आणि मध्ये माझं माहेर, काटेवाडी. परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण या दोन गोष्टी तिथे एकाच दिवशी पाहायला मिळतात. पहिल्यांदा येणारी माणसं उत्साहात येतात आणि दुपारपर्यंत पायाला फोड, डोक्यात ऊन अशी रस्त्याकडेला बसलेली दिसतात. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते.

महिनाभर आधी

तिथी पाहून ठेवा. पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. इंग्रजी तारीख मात्र दर वर्षी सरकते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. जुलै असला तरी पाऊस असेलच असं धरू नका. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे, आषाढातही इथे ऊन भाजून काढतं. तयारी उन्हाची करा, रेनकोट पिशवीत असू द्या.

मग दिंडी गाठा. या सगळ्या कृतीत सर्वांत महत्त्वाचं हेच. पालखीच्या रथापुढे आणि रथामागे क्रमांकाने चालणाऱ्या दिंड्या असतात. आपल्या गावातून किंवा नात्यातून कुणी ना कुणी एखादीत चालत असतंच. दिंडीप्रमुखांना आधी विचारा, भिशी म्हणजे वर्गणी किती ते विचारून भरा, नाव नोंदवा. सामान ट्रकमध्ये जातं आणि जेवणाची पंगत ठरलेली असते. पण खरा लाभ वेगळाच आहे : संध्याकाळी तुम्ही तंबूवर पोचला नाहीत तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं. एकट्याने लोंढ्यात शिरलेल्या माणसाला हा आधार नसतो.

तिसरी गोष्ट पाय. रोज चालायला लागा आणि ज्या चपला किंवा बूट वारीत घालणार तेच घालून चाला. नवी जोडी वारीत काढायची नाही. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा संकल्प करू नये, मन कितीही म्हणालं तरी. पावलांची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या डांबरावर कातडी भाजते आणि रात्रीपर्यंत कळतही नाही. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी त्या कशा घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

आदल्या रात्री

पिशवी हलकी हवी. पाण्याची बाटली, ओआरएसच्या पुड्या, नेहमीची औषधं, चिकटपट्टी, सुती मोज्यांची जास्तीची जोडी, टॉवेल, बॅटरी, थोडे सुटे पैसे. दागिने घरी ठेवा. मंगळसूत्रसुद्धा साधं काळ्या मण्यांचं घाला.

एका चिठ्ठीवर नाव, गाव, घरच्या दोघांचे नंबर, आजार आणि औषधांची नावं लिहून खिशात ठेवा. गर्दीत मोबाइलला रेंज असतेच असं नाही, शिवाय नंबर आता कुणाला पाठ नसतात. लहान मुलांच्या मनगटावर पेनाने नंबर लिहा. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्र अडकवा.

चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हेही याच रात्री ठरवा. इराकमध्ये नजफ ते करबला अशी मोठी पायी यात्रा असते. त्या रस्त्यावरच्या खांबांना क्रमांक दिलेले आहेत आणि यात्रेकरू अमुक नंबरच्या खांबापाशी भेटू असं ठरवून निघतात. आपल्याकडे गावातलं देऊळ किंवा शाळेचं फाटक ठरवा. ‘रथापाशी भेटू’ असं कधीही ठरवू नका. रथ चालता असतो आणि सगळ्यांत दाट गर्दी तिथेच असते.

पहाटे, बारामतीतून निघताना

पोटात काहीतरी घालूनच निघा. शौच तंबूजवळच्या फिरत्या शौचालयात उरकून घ्या, अंधारात उसात शिरू नका. नाग, घोणस, मण्यार तिन्ही या भागात आहेत. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही न करता १०८ ला फोन लावायचा. चावलेला भाग हलवायचा नाही.

आंघोळीसाठी नीरा डाव्या कालव्यात उतरू नका. पाणी संथ वाटतं, पण आवर्तन सुरू असलं की ओढ जबर असते आणि शेवाळलेल्या काठावर पाय ठरत नाही. आम्ही कालव्याकाठची माणसं. पोहता येणाऱ्यांनाही यातून वर येता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आंघोळ टँकरच्या पाण्याने करा.

अंधारात पुढे निघून जाण्याची घाई करू नका. रस्त्यावर वाहनांचा धोका खरा आहे : २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिवे घाटात नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि वारकऱ्यांचे जीव गेले. आता पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्ग चौपदरी झाला आहे. चालायला जागा झाली आणि वाहनांचा वेगही वाढला. दिंडीच्या ओळीतच चाला, दुभाजक ओलांडू नका, कपड्यावर चमकती पट्टी लावून घ्या.

काटेवाडीपर्यंत

शहर मागे पडलं की पिंपळी, लिमटेक लागतात. सकाळच्या या चालीत सर्वांना बळ असतं, म्हणून सगळे भरभर चालतात. तुम्ही टाळांच्या ठेक्यावर चाला. अभंगाची लय ही थकू न देणारी चाल आहे. ओळ सोडून पुढे जायचं नाही हा दिंडीचा नियम पायांनाही मानवतो. तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्या. घाम फार आला तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू घ्या.

वाटेत चहा, केळी, पोहे, लाडू हातात येत राहतात. देणाऱ्याचं मन मोडवत नाही, हे खरं. नमस्कार करून केळं घ्या, गरम शिजलेलं खा. दुधाचे पदार्थ आणि सकाळपासून उघडं पडलेलं अन्न मात्र टाळा.

टाच किंवा चवडा चुरचुरायला लागला की तिथेच थांबा, मोजा काढा, कोरडं करून चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका. रस्त्यात आरोग्य पथकं असतात. कुणी बडबडायला लागलं, घाम थांबून अंग तापलं, तोल जायला लागला, तर हा उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८.

काटेवाडीत

इथे वेळ काढा. परीट समाजाची माणसं धुतलेली पांढरी धोतरं रस्त्यावर अंथरतात. पालखी रथातून उतरवून खांद्यावर घेतात आणि त्या पायघड्यांवरून गावात आणतात. वर्षभर दुसऱ्याचे कपडे धुणाऱ्या हातांचा हा मान आहे. लहानपणी आम्ही मुलं कडेला हात जोडून उभी राहायचो आणि धोतराला पाय लागला तर आजी दटावायची. तुम्हीही पायघड्या सोडून उभे राहा. फोटोसाठी मध्ये येऊ नका, खांदेकऱ्यांना पुढचं दिसत नसतं.

दुपारच्या विसाव्यात जेवा आणि अर्धा तास आडवे व्हा. पायाखाली एखादं गाठोडं घेऊन पाय थोडे वर ठेवा. सावलीसाठी ट्रकखाली किंवा टेम्पोच्या चाकाशी कधीही झोपू नका. तंबूच्या लोखंडी खांबाला वायर गुंडाळलेली दिसली तर हात लावू नका आणि दिंडीवाल्यांना सांगा.

मग मेंढ्यांचं रिंगण. मेंढपाळ पुढे पळतो आणि कळप त्याच्यामागे रथाभोवती फेऱ्या घालतो. मेंढरांना रोगराई होऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. तो खुरांचा आवाज आणि उडणारी धूळ अंगावर काटा आणते. पण कळपाला रस्ता मोकळा लागतो. पुढचा मेंढा बुजला तर सगळाच कळप गर्दीत घुसतो. दोरीच्या बाहेर, शक्यतो कडेला उंचवट्यावर जागा घ्या. मुलांना पुढे सोडू नका, मेंढ्यांना हात लावू नका, नाकावर टॉवेल धरा.

गर्दी दाटली तर काय करायचं ते इथेच सांगते. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसं गेली. दक्षिण कोरियात सोलच्या एका अरुंद उतरत्या गल्लीत ऑक्टोबर २०२२ मध्ये १५९ गेली. अशा दाटीत बऱ्याचदा पायाखाली येण्याआधीच छाती दाबली जाऊन श्वास थांबतो. म्हणून दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखा. लोंढ्याच्या उलट जाऊ नका. लोंढ्याबरोबर सरकत तिरपं तिरपं कडेला निघा. भिंत आणि कठडा टाळा. चप्पल, मोबाइल, काहीही पडलं तरी वाकायचं नाही. मूल खांद्यावर घ्या.

सणसरला

भवानीनगरच्या साखर कारखान्याकडून पुढे आलात की मुक्काम जवळ आला. ही शेवटची चाल जड जाते. जमत नसेल तर दिंडीच्या माणसाला सांगून वाहनात बसा, विठोबा त्यावर रुसत नाही. परत जायचं असेल तर वाहतूक वळवलेली असते, एसटी कुठून सुटते ते पोलिसांना विचारा. अडचणीत ११२ लावा.

राहणार असाल तर तंबूत बॅटरी हाताशी ठेवा आणि अंथरूण झाडूनच पाठ टेका, कारण मण्यार सहसा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि दुखत फारसं नाही. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण असतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात आणि वाकतात. ती पहिली झुंबड ओसरेपर्यंत थांबा, माती सगळ्यांना पुरते.