इंजिन उघडण्याआधी

जुनी ब्रिटिश गाडी बाळगणाऱ्याला सगळ्यांत महाग पडणारं वाक्य एकच आहे: "एवढं काम निघालंच आहे, तर इंजिन एकदा उघडूनच टाकू." गाडी मिसिंग करते, चढावर दम टाकते, तापमानाचा काटा वर सरकतो किंवा उभ्या गाडीखाली तेलाचा डाग पडतो. यातलं काहीही झालं की दुखण्याचं मूळ शोधण्याआधी हेडच्या नटांना पाना लागतो. माझं म्हणणं असं, की या गाड्यांच्या इंजिनाचं म्हणून जे दुखणं समजलं जातं, त्यातलं बरंचसं इंजिनात नसतंच. आणि जे असतं ते नेमकं कुठे आहे, हे बाहेरून मोजून कळतं. न मोजता उघडलेलं इंजिन पुष्कळदा आधीपेक्षा वाईट अवस्थेत बंद होतं, आणि खर्च झालेला असल्यामुळे ते कबूल करायला मालकही तयार नसतो आणि मेस्त्रीही.

उदाहरणासाठी एमजीबी घेतो, कारण ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार म्हटल्यावर ती सहज डोळ्यांपुढे येते. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ती बनली. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त. तिचं इंजिन 1798 सीसीचं, चार सिलिंडरचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालणारे आणि बाजूला एसयूचे दोन कार्बोरेटर. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं हे इंजिन. आपल्याकडच्या अँबेसिडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं, आणि तेवढ्याच सीसीचं बी-सीरिज इंजिन 1955 मध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही होतं. म्हणून अँबेसिडरवर हात बसलेल्या जुन्या मेस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटत नाही. ही ओळख उपयोगाची आहे, पण धोक्याचीही. टॅक्सीच्या अँबेसिडरचा एक दिवस बुडाला तर कमाई बुडायची आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. तिथे तपासत बसण्यापेक्षा हेड उतरवणं परवडायचं. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या एमजीबीला ना तेवढी घाई आहे, ना तेवढे स्वस्त भाग.

आधी उघडण्याची किंमत पाहू. या इंजिनाचा रॉकर शाफ्ट ज्या ब्रॅकेटांवर बसतो, त्यांना आठ नट असतात. त्यांतले चार नुसते रॉकरचे. उरलेले चार मात्र हेडसुद्धा धरून ठेवतात. हेडचे एकूण नट अकरा. म्हणजे "फक्त रॉकर काढून बघू" म्हणणारा माणूस हेडची एक-तृतीयांशाहून जास्त पकड सोडवत असतो, तीही एकाच बाजूची. बाकीचे सात नट आवळलेलेच राहिले तर हेडवर असमान ताण येतो, गॅस्केटची बैठक बिघडते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा खाली तेलात उतरू शकतं. म्हणूनच वर्कशॉप मॅन्युअल बजावतं, की रॉकर काढण्याआधी कूलंट काढून घ्या आणि हेडचे सगळे नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. परत आवळताना 45 ते 50 फूट-पौंड टॉर्क, तोही त्याच क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच. किरकोळ वाटणाऱ्या कामातून नवं हेड गॅस्केट निघतं ते असं. पान्यांचंही तेच. या गाडीचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत. 1/2 इंची नट 12.7 मिलिमीटरचा असतो. त्यावर 13 चा पाना बसतो, म्हणून चालतो असं वाटतं. दोन-तीनदा तो घसरला की नटाच्या कडा जातात आणि पुढच्या वेळी छिन्नी लागते. इंची पान्यांचा एक संच गाडीतल्या कोणत्याही सुट्या भागाआधी घ्यावा.

आता मोजण्याचा क्रम. सुरुवात टॅपेटपासून, कारण घट्ट राहिलेला व्हॉल्व्ह पुढची सगळी मापं खोटी ठरवतो. थंड इंजिनावर फट 0.015 इंच, म्हणजे जवळपास 0.38 मिलिमीटर. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नऊतून वजा करायचा; जो उरेल त्या क्रमांकाच्या व्हॉल्व्हची फट त्या वेळी तपासायची. आठवा उघडा तर पहिला, सहावा उघडा तर तिसरा. त्यानंतर गरम इंजिनावर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्यायचं. 8.8 प्रमाणाच्या सुस्थितीतल्या इंजिनात आकडा 160 पौंडांच्या आसपास येतो, पण मी आकड्यापेक्षा चारांमधल्या फरकाकडे बघायला सांगेन. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर हेडला हात लावायचं कारण नाही. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेले, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले तर गॅस्केटवर संशय पक्का. ते दोन आणि तीन असतील तर हेडला चीर गेल्याची शक्यताही धरावी, कारण या दोघांचा एक्झॉस्ट एकाच मधल्या पोर्टातून जातो आणि तिथेच उष्णता साठते.

कॉम्प्रेशन चांगलं आलं की पुढे इग्निशन, आणि कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा करणारे फार. ब्रिटनमधल्या जुन्या गाडीवाल्यांमध्ये थट्टा आहे, की एसयूचे बहुतेक बिघाड डिस्ट्रिब्यूटरमध्ये सापडतात. थट्टा असली तरी निदान अचूक आहे. पॉइंटची फट 0.014 ते 0.016 इंच. ती दर वेळी वेगळी भरत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बोटांनी आडवा हलवून बघा: बुश झिजलेला असेल तर दांडा डोलतो, आणि त्यावर कितीही नवे पॉइंट बसवले तरी टायमिंग स्थिर राहत नाही. नवीन बनावटीचे कंडेन्सर आणि रोटर आर्म लवकर निकामी होतात ही तक्रार ब्रिटनमध्येही जुनी आहे, तेव्हा चालू असलेला जुना भाग नुसता जुना म्हणून फेकू नये. एवढं झाल्यावरही चाल बिघडलेली असेल तर कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने किंचित, मिलिमीटरहूनही कमी उचलायचा. इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण घट्ट, इंजिन गुदमरलं तर पातळ, क्षणभर वाढून जागेवर आली तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर वेगवेगळे तपासायचे. इथे इथेनॉल विसरू नये. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. आपल्याकडे पंपावर आता सर्रास वीस टक्क्यांचं मिळतं. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं आणि जुने रबरी पाइप आतून सुटू लागतात. त्या रबराची भुकटी फ्लोट चेंबरमध्ये अडकली की लक्षणं थेट "इंजिन गेलं" अशी दिसतात.

गाडी तापते तेव्हा हेड गॅस्केटवर खापर फुटतं, आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सुचवला जातो. तो उपाय करू नये. 82 अंशांचा थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर योग्य तापमानावर नेतो. तो नसला तर छोट्या फेऱ्यांत इंजिन थंडच चालतं, तेलात पाण्याचा अंश राहतो, गाळ धरतो आणि बोअर अधिक झिजतात. तापण्याची खरी कारणं बहुधा साधी असतात: मागे सरकलेलं टायमिंग, पातळ मिश्रण, गाळाने भरलेला रेडिएटर. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवती गंजाचा चिखल साचतो आणि नुसतं रेडिएटरचं पाणी बदलून तो निघत नाही. ब्लॉकवरचा नळ उघडून उलट्या दिशेने पाणी सोडावं लागतं. नळातून काहीच येत नसेल तर तार घालून मोकळा करावा. ही घाण हेड उतरवल्याशिवाय निघते, आणि निघाल्यावर पुष्कळदा काटाही खाली येतो.

तेलाच्या डागाबद्दल थोडक्यात. 1964 पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या एमजीबीत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हताच; तेल मागे ढकलणारी आट्यांची रचना होती. त्यातून चार थेंब पडणं हा बिघाड नाही. बघायचं ते तेलाचं प्रेशर: गरम इंजिन चालत्या वेगात 50 ते 80 पौंड, संथ चालीवर 10 ते 25. कमी दिसलं तर आधी दुसरा गेज लावून खात्री करावी, मग रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग पाहावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पन्नास-साठ वर्षांचं इंजिन, कोणी कधी काय केलंय ठाऊक नाही, मग एकदाच नवं करून निर्धास्त का होऊ नये? कारण नवं केलेलं इंजिन निर्धास्त नसतं. उदाहरणार्थ नवा कॅमशाफ्ट: पहिल्या वीसेक मिनिटांत इंजिन 2000 आरपीएमच्या आसपास किंवा वर ठेवलं नाही आणि संथ चालीवर सोडलं, तर कॅमची टोकं आणि टॅपेट तिथेच खरवडले जातात. त्यात आधुनिक गाड्यांच्या पातळ तेलात जस्त आणि फॉस्फरसचं प्रमाण कमी केलेलं असतं, आणि या चपट्या टॅपेटांना नेमकं तेच संरक्षण लागतं. जुन्या इंजिनासाठी बनवलेलं 20डब्ल्यू-50 वापरावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री 2000 च्या सुरुवातीला थांबली, आपल्याकडेही त्याच वर्षी; मग लोखंडी हेडमधल्या मऊ व्हॉल्व्ह सीट शिशाविना झिजणार, म्हणून हेड काढून कठीण सीट बसवाव्यातच ना? झीज होते हे खरं, पण ती सतत वेगात आणि ओझ्याखाली पळणाऱ्या इंजिनात लवकर होते, वर्षाला थोडंच चालणाऱ्यात फार सावकाश. आणि ती मोजता येते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो आणि टॅपेटची फट कमी होते. दर तपासणीला एक्झॉस्टच्या फटी लिहून ठेवा. त्या आक्रसत नसतील तर हेड खाली उतरवून पैसे घालवण्यात अर्थ नाही. आक्रसत असतील तर जरूर उतरवा.

तिसरा आक्षेप अनुभवी मेस्त्रींचा: "कानाला कळतं, मीटर कशाला?" कानाला बरंच कळतं, हे मी मान्य करतो. खालच्या बेअरिंगचा जड ठोका आणि टॅपेटची टकटक यांतला फरक चांगला कान गेजआधी सांगतो. पण दुसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तिसऱ्यापेक्षा वीस पौंडांनी कमी आहे, हे कोणत्याही कानाला ऐकू येत नाही, आणि गेल्या वर्षी ते किती होतं हे तर नाहीच नाही.

इंजिन कधी उघडूच नये असं मी म्हणत नाही. तेल घालूनही न वाढणारं कॉम्प्रेशन, रेडिएटरमध्ये सतत उठणारे बुडबुडे, गरम झाल्यावर बसून जाणारं प्रेशर किंवा खालून येणारा ठोका, यातलं काही सिद्ध झालं तर टाळाटाळ उलट महागात पडेल. मग मात्र काम अर्धवट करू नका: हेडची सपाटी पट्टीने आणि चीर तपासणीने पाहा, बोअर मोजा, क्रँक मोजा, आणि जे मापात आहे ते बदलू नका.

आणि गाडी विकत घ्यायला निघाला असाल, तर "नुकतंच इंजिन बांधलंय" या वाक्यावर एक रुपयाही वाढवून देऊ नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनाचं प्रेशर स्वतःसमोर मोजून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.