आपली पारख आपणच करू या

पेरलेले उगवले नाही, की आपण काय करतो? पावसाला बोल लावतो. नशिबाला बोल लावतो. आमचेही तसेच झाले.

आम्ही घरचे सोयाबीन पेरले. ओल चांगली होती. पण आठ दिवसांनी पाहतो, तर ओळीत जागोजाग नांग्या! आम्ही पाभरवाल्यावर चिडलो. तो म्हणाला, "बी पडलंय की! उकरून बघा." उकरून पाहिले. बी मातीत कुजले होते.

चूक पाभरीची नव्हती, आमची होती. सोयाबीनचे टरफल पातळ असते. पोती आपटली, की आतला अंकुर दुखावतो. आम्ही पोती आपटली होती. पेरण्याआधी बी तपासले नव्हते. दुबार पेरणीला उसनवारी करावी लागली.

रात्री मुलगा हळूच म्हणाला, "शाळेत आम्हाला बी तपासायला शिकवलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही चिडता ना!"

आम्ही गप्प झालो. शेतातली चूक एक होती, घरातली दुसरी. घरातल्या चुकीने शेतातली चूक झाकून ठेवली होती.

बी तपासणे सोपे आहे. पोत्याचा तुकडा ओला करा. बियाण्यातून सरसकट १०० दाणे घ्या. चांगले तेवढे वेचू नका. दहा-दहाच्या ओळी मांडा. वर दुसरा ओला तुकडा घाला. गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त असले, तर बी पेरण्याजोगे. थोडे कमी असले, तर बी वाढवून पेरा. फारच कमी असले, तर बी बदला.

बियाण्याची पारख होते, मग आपली का होऊ नये?

देवळात दासबोध वाचतात. त्याच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. ती ऐकताना आपल्याला शेजारी आठवतो! एकदा तरी स्वतःला आठवून ऐकावीत.

आम्ही एक वही केली. पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिले 'काम', दुसऱ्या बाजूला 'घर'. रोज रात्री एकेक ओळ लिहू लागलो. आज कामात कुठे चुकलो? घरात कुणाला दुखावले? आठवले नाही, तर घरच्यांना विचारले. ऐकताना राग आला, पण गिळला.

महिन्याने वही चाळली. तंबाखूचे रोज १० रुपये दिसले. म्हणजे वर्षाचे ३,६५० रुपये! रागाच्या नोंदी तर त्याहून जास्त वेळा होत्या. जी चूक पुन्हा पुन्हा दिसते, तीच आधी सुधारायची. एका वेळी एकच. सगळ्या एकदम धरल्या, तर एकही सुटत नाही.

आम्ही आधी राग धरला. तो पुरता गेला नाही. पण पुढच्या मृगाआधी मुलानेच ओल्या पोत्यावर दाणे मांडले. आम्ही शेजारी बसून मोजले.

पूर्वी आपण कागदावर अंगठा उठवत होतो. आता हाती अक्षर आले आहे. दुसऱ्याच्या चुका सांगायला तोंड पुरते. आपली चूक मात्र लिहून ठेवावी लागते.

करून पाहा : वहीत रेघ मारा. आज रात्री दोन ओळी लिहा. एक कामाची, एक घराची.