लाकडाचा भुसा आणि दूषित पाण्याचे शुद्धीकरण

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग नोंदलेला आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या मुक्त दासीला दानात मिळालेली एक बकरी मरून पडली होती. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) तेथून जात असता त्यांनी विचारले की, हिचे कातडे काढून, कमावून उपयोगात का आणले नाही? ती तर मेलेली आहे, असे लोकांनी सांगितले. त्यावर पैगंबरांनी (स.) स्पष्ट केले की, निषिद्ध आहे ते केवळ तिचे खाणे. या हदीसवरून कातड्याच्या शुद्धतेचे नियम आपण शिकतो. टाकून दिलेल्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी मात्र शिकायची राहून जाते.

लाकडाच्या वखारीत आणि सुताराच्या कारखान्यात करवतीखाली भुसा पडतो, रंध्याखाली किस पडतो. त्यातील काही बॉयलरला, काही उदबत्तीला जातो. उरलेला उघड्यावर जाळला जातो किंवा सडतो. सूरह बनी इस्राईलच्या 26 व 27 व्या आयतींत उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू ठरविले आहे. आपण ती आयत लग्नातील जेवणावळीपुरतीच का लावावी?

हा भुसा औद्योगिक सांडपाणी स्वच्छ करण्याच्या कामी येतो. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. त्यांच्या पृष्ठभागावर पाण्यातील काही रंग आणि धातू चिकटून राहतात. हाच भुसा हवा जवळजवळ बंद ठेवून 400 ते 700 अंश सेल्सिअसला तापविला की त्याचा जैवकोळसा होतो. त्याला पुढे अधिक उष्णतेवर वाफ दिली की असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि सक्रिय कोळसा तयार होतो. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतील पृष्ठफळ 500 ते 1500 चौरस मीटर भरू शकते. 1000 चौरस मीटर म्हणजे सुमारे 10 गुंठे जमीन! चिमूटभर कोळशात निर्मात्याने केवढी जागा ठेवली आहे, याचा आपण विचार करावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भुसा टाकला की पाणी स्वच्छ झाले, इतके हे सोपे नाही. कच्च्या भुशाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, म्हणून मेथिलीन ब्ल्यूसारखे धनभारित रंग तो सहज धरतो. परंतु सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग स्वतःच ऋणभारित असतात. ते कच्च्या भुशाला फारसे धरत नाहीत. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा हवा आणि पाण्याची आम्लताही जुळवावी लागते. शिवाय न धुतलेल्या भुशातून टॅनिन उतरून पाणी तांबूस होते. प्लायवूडचा किंवा वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाचा भुसा या कामी मुळीच घेऊ नये.

विद्युत-मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात षट्‌संयुजी क्रोमियम असते, आणि ते कर्करोगकारक आहे. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. आम्लयुक्त पाण्यात लाकडातील सेंद्रिय घटक या क्रोमियमचे तुलनेने कमी घातक अशा त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करतात आणि काही अंश धरूनही ठेवतात.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही यंत्रमागांची गावे. मागावर आणि मागामागच्या व्यवसायांत आपले असंख्य बांधव राबतात. कामवारी, मोसम, पंचगंगा या नद्यांची अवस्था त्यांना आम्ही सांगावी असे नाही. येथे एक युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो: कापडाचा रंग ही काही नजासत नव्हे, मग तो नाल्यात सोडण्यात धर्माची अडचण ती कोणती? रंग नजिस नाही, हे खरे. पण फिकहचा विचार पाक-नापाक एवढ्यावर संपत नाही. स्वतः हानी सोसू नये व दुसऱ्यालाही पोहोचवू नये, या अर्थाची हदीस इब्ने माजामध्ये आहे, आणि तिच्यावर शरीअतचे कितीतरी नियम उभे आहेत. नदीच्या खालच्या अंगाला जो शेतकरी ते पाणी पिकाला देतो, त्याचा हक्क हा बंद्यांचा हक्क आहे. तो ज्याचा बुडाला, त्यानेच क्षमा केली पाहिजे. केवळ तौबा करून तो फिटत नाही. त्या शेतकऱ्याचे नावही आपणांस ठाऊक नसते.

शुद्ध केलेल्या पाण्याविषयी उलेमांनी विचार केलेला आहे. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने 1978 मध्ये असा निर्णय दिला की, सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया होऊन त्याच्या रंगात, चवीत व वासात अशुद्धीची खूण उरली नाही, तर ते पाक समजावे. आरोग्याच्या कारणास्तव ते पिणे मात्र टाळावे. रंग, चव आणि वास ही फिकहची जुनी कसोटी आहे. क्रोमियमसारखे विष या तिन्ही कसोट्यांतून निसटू शकते, म्हणून प्रयोगशाळेची तपासणीही हवीच.

आता राहिला प्रश्न वापरलेल्या कोळशाचा. पृष्ठभाग भरून गेला की तो पुढे काही धरत नाही. उलट पाण्याची आम्लता बदलली तर धरलेले सोडूनही देतो. सक्रिय कोळसा पुन्हा तापवून काही वेळा वापरता येतो. केवळ रंग शोषलेला भुसा योग्य तपासणीनंतर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून देता येतो. क्रोमियम धरलेला माल मात्र घातक कचरा होय. तो घरच्या चुलीत, शेतात किंवा नाल्याच्या काठी जाता कामा नये. अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच सोपवावा, आणि तो खर्च कापडाच्या किंवा मुलाम्याच्या दरात आधीच धरावा.