युवा महोत्सव आणि झाडीपट्टीतील विद्यार्थी

विद्यापीठीय कलाव्यवहारात विद्यार्थ्यांचा सहभाग बहुधा संख्येने मोजला जातो. किती महाविद्यालये आली, किती पारितोषिके मिळाली, एवढ्यावर अहवाल संपतो. विद्यार्थी कोणती कला बरोबर घेऊन येतो आणि विद्यापीठ तिच्यातील किती स्वीकारते, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार झाडीपट्टीच्या संदर्भात केला आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानपिकाचा प्रदेश म्हणजे झाडीपट्टी. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे गाव याच पट्ट्यातले. या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि तिच्या निमित्ताने दंडार, खडी गंमत, रात्रभर चालणारे संगीतप्रधान नाटक यांचे प्रयोग होतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे व्यावसायिक नाट्यमंडळांचे केंद्र असून त्यांचा हंगाम साधारण होळीपर्यंत चालतो. या रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तात्पर्य, येथील विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच नाटकाचा मुरलेला प्रेक्षक असतो; कित्येकदा नटही असतो.

हाच विद्यार्थी युवा महोत्सवात येतो तेव्हा त्याच्यापुढे वेगळी चौकट असते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवात संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललितकला असे पाच विभाग आहेत. एकांकिकेला ३० मिनिटे, प्रहसनाला १०, मूकाभिनयाला ५ अशी कालमर्यादा असते. राज्यातील विद्यापीठांसाठी २००३ पासून होणारा 'इंद्रधनुष्य' महोत्सवही याच धर्तीचा आहे. स्पर्धेच्या सोयीसाठी मर्यादा लागते, हे मान्य. परंतु दंडारीत गाणे, नाच, सोंग आणि संवाद एकमेकांत मिसळलेले असतात. तिच्यातील नाच लोकनृत्यात, विनोद प्रहसनात आणि वाद्ये लोकवाद्यवृंदात गेली, की तिचे सुटे भाग तेवढे उरतात. दंडार उरत नाही.

दुसरा प्रश्न बोलीचा. झाडीबोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'डोळा'चा 'डोरा' होतो. महाविद्यालयीन एकांकिकेत ही बोली पुष्कळदा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी येते. गंभीर प्रसंग आला की पात्रे प्रमाणभाषेकडे वळतात. आपल्या घरची भाषा हसण्यापुरतीच, हा धडा विद्यार्थी येथे नकळत शिकतो. मराठी विभागाने याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

मात्र महोत्सवाचे ऋणही नोंदविले पाहिजे. पारंपरिक दंडारीत स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत. गावच्या मुलीला प्रेक्षकांतून उठून रंगमंचावर उभे राहण्याची वाट महाविद्यालयाने मोकळी केली. तालमीची शिस्त, लिखित संहितेचा आग्रह आणि परगावच्या कलावंतांचा सहवास हेही याच व्यासपीठाचे देणे आहे. म्हणून महोत्सव नाकारण्याचे कारण नाही. त्यालाच सहभागाची परिसीमा मानणे तेवढे चुकीचे आहे.

या दृष्टीने विभागांना तीन गोष्टी करता येतील. पहिली, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या क्षेत्रीय प्रकल्पात विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या दंडारीची संहिता, चाली आणि कलावंतांच्या आठवणी नोंदवाव्यात. मौखिक संहिता जाणत्या कलावंताबरोबरच नाहीशी होते, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. दुसरी, अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक आखताना मंडईचा काळ ध्यानात घ्यावा. तिसरी, स्पर्धेबाहेर वर्षातून एक प्रयोग पूर्ण लांबीचा, बोलीतला आणि बिनपारितोषिकाचा व्हावा. गावातील जाणता शाहीर त्याचा मार्गदर्शक असावा.

२०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून झाडीपट्टी दोन विद्यापीठांत विभागली गेली आहे. भंडारा-गोंदियाची महाविद्यालये नागपूरकडे, तर चंद्रपूर-गडचिरोलीची गोंडवानाकडे आहेत. कला मात्र ही सीमा जाणत नाही. वडशाची मंडळी लाखांदूर तालुक्यातही प्रयोग करतात. दोन्ही विद्यापीठांच्या मराठी विभागांनी संकलनाचे काम संयुक्तपणे हाती घेणे म्हणूनच इष्ट ठरेल.

सारांश, विद्यार्थ्याला कलेकडे आणणे हे विद्यापीठाचे अर्धेच काम आहे. विद्यार्थी जी कला घेऊन आला तिला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा देणे, हे उरलेले अर्धे. ते झाले नाही तर दिघोरीचा विद्यार्थी पदवी घेऊन परतेल, पण मंडईच्या रात्री आपण पाहतो ते वाङ्मय आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसेल.