हंसपद

आपल्या अंकाची मुद्रिते तपासताना कन्नड विभागाचे प्राध्यापक व मी एकाच टेबलाशी बसतो. दोघांच्याही लेखण्यांतून एकच खूण उमटत असते. मी तिला हंसपद म्हणतो, ते हंसपाद म्हणतात. पक्ष्याच्या पावलासारखी दिसते म्हणून हे नाव. काकपद असेही तिचे दुसरे नाव आहे.

अर्थ सोपा आहे. ओळीत एखादे अक्षर किंवा शब्द गळला असेल तर त्या जागी हंसपद काढायचे आणि गळलेला मजकूर समासात लिहायचा. ही रीत छापखान्याबरोबर आलेली नव्हे. जॉर्ज ब्यूलर यांनी १८९६ साली भारतीय लिपींवरील आपल्या जर्मन ग्रंथात लेखनिकांच्या दुरुस्त्यांचाही विचार केला आहे. आरंभी राहिलेले अक्षर ओळीच्या वर वा खाली नुसतेच लिहीत. पुढे त्या जागी फुलीसारखी लहान खूण करू लागले, तेच हे काकपद अथवा हंसपद. नको असलेल्या अक्षरावर पोथीत पिवळ्या हरताळाचा लेप देत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. हंसपदाच्या वाट्याला मात्र असा वाक्प्रचार आला नाही.

अर्थ सोपा असला तरी उपयोग सोपा नाही, हे मला डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने शिकवले. पौषात गोव्यातील बायका धालो खेळतात, त्यावर तिने लेख लिहिला होता. त्यात वाक्य होते : ‘मांड पवित्र मानतात.’ मी घाटावरचा माणूस. ‘व’ गळला असे समजून मी ‘मांड’पुढे हंसपद काढले आणि समासात ‘व’ लिहिला. मूळ हस्तलिखित हाताशीच होते, पण ते उघडले नाही. अंक निघाला. ती अंक घेऊन आली व म्हणाली, “सर, मांडव लग्नाला घालतात. धालो मांडावर खेळतात.”

पुढच्या पौषात मी तिच्या गावी गेलो. उघड्यावर सारवलेली जागा, समोरासमोर बायकांच्या दोन रांगा, डोक्यावर छप्पर म्हणून काही नाही. हाच मांड! माझ्या एका अक्षराने त्यावर छत घातले होते. चूक जुळाऱ्याची असती तर निदान हस्तलिखिताशी ताडून सापडली असती. शोधकानेच केलेली चूक कोण शोधणार?

परतताना पेडण्यात एका घरी अभंगांची जुनी हस्तलिखित वही पाहायला मिळाली. अक्षर वळणदार. एका चरणात अक्षरे कमी पडत होती आणि नेमक्या त्या जागी हंसपद होते. मी उत्सुकतेने समासाकडे पाहिले. समास कोरा होता. नक्कल करणाऱ्याला तूट कळली होती, पण मूळ शब्द मिळाला नसावा. अभंगाच्या चालीत सहज बसतील असे दोनतीन शब्द मला तिथल्या तिथे सुचले. ते त्यालाही सुचले असतीलच. घरातले लोक भजनात तो चरण अजून तसाच, तोकडा म्हणतात.