डाळिंब लावण्याआधी मुळं बघा, माती तपासा

संगमनेर तालुक्यात आमची भगव्या डाळिंबाची बाग आहे. पहिला बहार धरला त्या वर्षी काही झाडं भर उन्हात माना टाकायची अन् संध्याकाळी सावरायची. पानं पिवळी पडली, फळं फुगेनात. कोणी खत कमी म्हणालं, कोणी पाणी. मुळ्या उकरल्या तर मण्यांच्या माळेसारख्या गाठी! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तपासणी केली. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी निघाल्या. पहिली रोपं घेतली त्याच नर्सरीतून नांग्या भरायला आणलेल्या रोपांच्या पिशव्या फाडल्या, तर तिथंही त्याच गाठी.

ही कीड डोळ्यांना दिसत नाही. एक मादी शेकडो अंडी घालते आणि उष्ण हवेत साधारण महिनाभरात नवी पिढी तयार होते. मुळांना झालेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी शिरते. आमची कित्येक झाडं अशीच गेली. उरलेली बाग निंबोळी पेंड, शेणखतात वाढवलेलं ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस यांच्या जोरावर सावरली. पण त्याला काही बहार जावे लागले.

म्हणून नव्यानं लावणाऱ्यांना सांगतो:

रोपं घेताना दोन-चार पिशव्या फाडून मुळं बघाच. गाठ दिसली तर सगळा लॉट परत करा.

एप्रिल-मेमध्ये जमीन ओलवून 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद 4 ते 6 आठवडे अंथरा, कडा मातीत दाबा. आपल्याकडचं ऊन इथं फुकटचं औषध आहे.

आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी नको. सूत्रकृमी त्यांच्यावरही पोसतात. झेंडू लावा, त्याच्या मुळांतली द्रव्यं त्यांना मारक असतात.

तपासणीसाठी मातीचा नमुना उभ्या पिकाच्या मुळांजवळून, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीवरून घ्या, सोबत बारीक मुळ्याही द्या. माती वाळवू नका. तपासणीला जिवंत सूत्रकृमी लागतात.

ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिससारखं जैविक औषध ओलाव्यावर द्या आणि त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक सोडू नका. रासायनिक औषध तपासणीनंतरच, लेबलवरच्या पिकाला, सांगितलेल्या मात्रेत वापरा. फोरेट या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कोणी दिलं तरी घेऊ नका.

सूत्रकृमी एकदा रानात शिरल्या की समूळ जात नाहीत, फक्त दाबून ठेवता येतात. तेव्हा खड्डे घेण्याआधी माती तपासून घ्या.